तीन सुऱ्यांची परख

लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूनं मला साणेसमोर बसवलं आणि वादी हातात दिली. आम्ही शिकलगार. तलवारी, कट्यारी, सुरे यांना धार आणि चकाकी देणं हे आमचं काम. साण म्हणजे कुरुंदाच्या कठीण दगडाची भुकटी लाखेत घालून केलेलं चाक. त्याच्या आसाला चामड्याची लांब वादी गुंडाळलेली असते. तिची दोन टोकं धरून एकानं आळीपाळीनं ओढायची, म्हणजे चाक फिरतं, आणि समोर बसलेला कारागीर त्या चाकाला पातं लावतो. आमच्याकडे वादी ओढणं हे घरातल्या बायांचं काम.

वादीवाली समोर बसते, म्हणून पात्याची जी बाजू कारागिराला दिसत नाही ती तिला दिसते. साणेवर पातं तापतं. आधी त्याला गव्हाळ रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि शेवटी मोराच्या मानेसारखा निळा. निळा आला की संपलं. लोहारानं पात्याला जो कडकपणा दिलेला असतो तो तेवढ्या जागी उतरतो आणि पुन्हा येत नाही. पुढच्या घासण्यात निळा रंग निघून जातो, पातं पहिल्यासारखं चमकतं, पण आतला नरमपणा तसाच राहतो. म्हणून गव्हाळ दिसताच वादीवालीनं "पाणी" असा आवाज द्यायचा आणि कारागिरानं पातं शेजारच्या कुंडीत बुडवायचं. कारागीर रंगाकडे बघतच नाही. त्याचं लक्ष धारेच्या रेषेवर असतं. रंग बघणं हे समोरचीचं काम, असाच आमच्या घराण्याचा रिवाज. आठ वर्षं मी आवाज दिला आणि आठ वर्षांत माझ्यासमोर एकही पातं निळं पडलं नाही.

ते दिवस मला अजून आठवतात. करडईच्या तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास घरभर असायचा. दसरा जवळ आला की ओसरीवर तलवारींचे भारे येऊन पडत, आणि नदीवरून वारा आला की त्या एकमेकींना लागून बारीक वाजत. आता कंपनीच्या राज्यात तलवार बाळगायलाही परवानगी लागते. त्या वेळी श्रीमंतांचं राज्य होतं आणि हत्यार नाही असं घर दिसत नव्हतं.

घरात आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा आणि थोरले दीर मैनुद्दीन. सासू तोवर गेली होती. दिरांची बायकोही गेली होती. त्यांना मी भाईजान म्हणत असे. नवऱ्याचं नाव तो असेपर्यंत मी तोंडातून काढलं नाही. आता ऐकायला तो नाही. मन्सूर.

मन्सूरचा हात सोन्याचा होता, हे मी आजही म्हणेन. भाईजानांनी दोन दिवस घासलेलं पातं आणि मन्सूरनं अर्धा दिवस घासलेलं पातं शेजारी ठेवलं तर गिऱ्हाईक मन्सूरचं उचलायचं. त्यालाही हे ठाऊक होतं. मला मूल नव्हतं, आणि तेही तो विसरू देत नसे. वादी ओढताना माझ्या बांगड्या वाजल्या तर म्हणायचा, "वाजवायला हातात दुसरं काही नाही, तर वाजव बांगड्या."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात कागदीपुऱ्यातल्या एका कागद्याची मुलगी त्याच्या मनात भरली. तिचं नाव कमरजहां. तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी देईन ती कुणा सरदाराच्या पदरच्या शिकलगाराला, पेठेतल्या विळ्या घासणाऱ्याला नाही. मन्सूरनं हे घरी येऊन मलाच सांगितलं, आणि सांगताना त्याला काही वाटलं नाही. म्हणाला की तशी जागा मिळाली की निकाह होईल. मग मी कोळशाच्या खोलीत राहावं, किंवा जुन्नरला मामाकडे जावं, माझ्या मर्जीप्रमाणे. माझ्या मामाकडे दोन विधवा भाच्या आधीच शेण थापत होत्या. तिसरीला तिथं जेवण मिळेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

आणि तशी जागा निघाली. सदाशिव पेठेत आप्पासाहेब म्हणून एक सरदार होते. त्यांना शिकारीचं वेड. त्या दिवाळीनंतर मुळशीकडच्या रानात एक डुक्कर त्यांच्यावर उलटलं. आप्पासाहेबांनी त्याच्या बरगडीत सुरा घातला, तो आत मोडला, आणि डुकरानं शेजारच्या हुजऱ्याची मांडी फाडली. तो तिथंच गेला. आप्पासाहेब पुण्यात येऊन म्हणाले, "माणसाचं काय, आज ना उद्या जाणारच होता. सुरा माझ्या वडलांचा होता."

मग त्यांनी हुकूम काढला. रानात न्यायचा असा सुरा हवा, की जो दोर कापेल, फांदी तोडेल, जनावर सोलेल आणि वेळ आली तर हाडात शिरून अखंड बाहेर येईल. कोणतं पोलाद चांगलं आणि कोणती धार चांगली यावर त्यांच्या बैठकीत रोज वाद होत होते, आणि त्या वादांचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी गेनबा लोहाराकडून एकाच मापाचे तीन सुरे करून घेतले, पाती नऊ बोटं लांबीची. एक जुन्या मोडक्या फिरंगी तलवारीच्या तुकड्याचा, दुसरा तेलंगणातून व्यापारी आणतात त्या मुशीत गाळलेल्या पोलादाचा, आणि तिसरा गावठी, मधे घासून संपलेल्या कानशीचं पोलाद आणि दोन्ही अंगांनी मऊ लोखंड. ज्याच्या हातची धार परखेला उतरेल तो त्यांच्या पथकाचा शिकलगार, त्याला वाड्यामागचं घर.

परख काय होती तेही सांगते. दोर कापायचा, बाभळीची फांदी तोडायची, सांबराच्या पायाच्या नळीवर वीस घाव घालायचे, आणि त्यानंतर त्याच सुऱ्यानं धार लावणाऱ्याच्या हातावरचे केस कोरडे काढायचे. तीन फेऱ्या. केस नाही आले, तर जोर लावून जे येईल ते येऊ द्यायचं. ही अट कळली तशी पुण्यातल्या बहुतेक शिकलगारांना ताप भरला. राहिले आमच्या घरातले दोघे.

मन्सूरनं पहिल्यांदा हात घातला तो तेलंगणी पोलादावर. त्या पात्यावर नक्षी होती, वाळूवरून पाणी ओसरल्यावर उमटते तशी. बाकीचे दोन सुरे भाईजानांकडे आले, म्हणजे त्यांचे दोन्ही हात पणाला लागले. फिरंगी सुऱ्याला त्यांनी सरळ उताराची धार धरली, पाठीपासून धारेपर्यंत सपाट. गावठीला सैल चामड्यावर कुरुंद लावून फुगीर धार दिली, जात्याच्या खुंट्याला असते तशी गोलाई ठेवून. दिसायला तो सुरा कोयत्याचा भाऊ दिसत होता.

मन्सूरनं झिजून लहान झालेली साण काढली. लहान चाकावर पात्याच्या दोन्ही बाजू आत खोल जातात आणि धार पातळ, पोकळ होते. वस्तरे असेच करतात.

भाईजानांनी पाहिलं आणि विचारलं, "आप्पासाहेब रानात हजामत करायला जातात का?"

"तुमचा सुरा पाहून डुक्कर हसूनच मरेल, भाईजान," मन्सूर म्हणाला. "कापायचं कामच उरणार नाही."

भाईजानांनी त्याला समजावलं की पातळ धार लवकर तापते, हे पोलाद तापाला हळवं आहे, मोठ्या साणेवर सपाट धार कर, वेळ लागू दे. मन्सूरनं उत्तर दिलं की म्हाताऱ्या हातांना वेळ लागतो. भाईजान तेव्हा चाळिशीतही नव्हते. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मन्सूर शेवटचं घासायला बसला आणि मी समोर. त्याचा जीव आनंदात होता. वाड्यामागचं घर तो बघून आला होता, आणि वादी चालू असताना त्याचं वर्णन करत होता. दोन खोल्या, मागं चिंच, आड जवळ. कमरजहांला माडीवरची खोली आवडेल. मी ओढत होते. गव्हाळ रंग आला, मी आवाज दिला, त्यानं पातं बुडवलं. पुन्हा आला, पुन्हा आवाज दिला. तो म्हणाला की परवा जुन्नरकडे एक बैलगाडी जाणार आहे, गाडीवानाशी बोलून ठेवलंय, तू बोचकं बांधून ठेव.

जिंकण्याआधीच त्यानं गाडी ठरवली होती.

पात्याच्या पोटाशी, जिथं धार वळते तिथं, गव्हाळ रंग आला. मी वादी ओढत राहिले. तपकिरी झाला. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. जांभळा झाला. मन्सूर चिंचेबद्दल बोलत होता. मग बोटभर जागेवर निळा उमटला, इतका सुंदर निळा मी त्याआधी पाहिला नव्हता, कारण त्याआधी मी तो कधी येऊ दिला नव्हता. तीन-चार ओढीत तो घासून निघून गेला. तेव्हा मी म्हणाले, "पाणी."

मन्सूरनं पातं बुडवलं, पुसलं, उजेडात धरलं आणि खूश झाला.

परखेच्या दिवशी साण आणि निसणे, म्हणजे हातानं धार बसवायचे दगड, घेऊन आम्ही तिघं सदाशिव पेठेत गेलो. शेवटची धार तिथंच लावायची होती, म्हणून मलाही जावं लागलं. पागेसमोरच्या अंगणात मांडामांड होती. मी ओढणी पुढं ओढून भिंतीशी बसले. मन्सूर निसण्यावर धार बसवत होता. नरम जागेवर धारेला बारीक बुरी, म्हणजे उलटलेली कोर, येत होती, पुसली की पुन्हा येत होती. त्याला वाटत होतं निसणा खराब आहे, म्हणून तो दुसरा मागून घेत होता. भाईजान बघत होते. त्यांनी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "सलीमा, साणेवर सगळं नीट झालं ना? काही असेल तर आत्ता सांग. मी पाया पडून आजची परख पुढं ढकलून घेतो."

"नीट झालं, भाईजान," मी म्हणाले.

आधी फिरंगी सुरा. दोर गेला, फांदी गेली. नळीवर वीस घाव झाल्यावर धारेला दोन खाचा दिसल्या. वाड्यातल्या न्हाव्यानं तो भाईजानांच्या डाव्या हातावरून फिरवला. केस निघाले, पण खाचांनी दोन लाल रेघा ओढल्या. भाईजानांनी हात मागं घेतला नाही. मग गावठी. त्यानं दोर तीन ओढींत कापला. आप्पासाहेबांनी जांभई दिली. फांदीवर तो बरा चालला. नळीवर वीस घाव झाले आणि धार होती तशी होती. उजव्या हातावर केस निघाले, सफाईनं नाही, पण निघाले.

"कुरूप आहे," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या दिवाणजींसारखा. पण कामाचा."

सगळे हसले, दिवाणजीसुद्धा.

मग मन्सूरचा सुरा आला. दोरावर नुसता टेकवला आणि दोर गळून पडला. फांदीचा काप इतका गुळगुळीत होता की आप्पासाहेबांनी तो हातात घेऊन बघितला आणि बैठकीतल्या लोकांना दाखवला. मन्सूर त्याच वेळी बाही वर सारून पुढं झाला. शिकलगार परखेला हाताची बाहेरची बाजू देतात, केसांची. मन्सूरनं उजव्या मनगटाची आतली बाजू वर केली, जिथं शिरा आणि नसा असतात. म्हणाला, "सरकार, इथली लव काढून दाखवतो. वस्तऱ्यालाही लाज वाटेल."

"शब्द तुझा," आप्पासाहेब म्हणाले.

नळीवर घाव सुरू झाले. सातव्या-आठव्या घावाला आवाज बदलला. ते मला कळलं आणि भाईजानांना कळलं. मन्सूर लोकांकडे बघत होता. वीस झाले. न्हाव्यानं सुरा पुसला आणि थबकला. पोटाशी बोटभर धार दुमडून बाजूला झाली होती, आणि दुमडलेल्या जागी ती करवतीसारखी फाटली होती.

"सरकार, धार दुमडली आहे," न्हावी म्हणाला.

"मग सरळ कर," आप्पासाहेब म्हणाले. "याच्याच हातावर."

भाईजान मधे पडले. म्हणाले की आतली बाजू आहे, कारागिराचा उजवा हात आहे, बाहेरची बाजू घ्या, नाहीतर माझा घ्या. आप्पासाहेबांनी त्यांना आठवण करून दिली की बाजू त्याची त्यानं निवडली. दोघांनी मन्सूरला धरलं. पहिल्या फेरीत काहीच आलं नाही. दुसरीत न्हाव्यानं थोडा जोर लावला आणि कातडं आलं. तिसऱ्या फेरीला न्हाव्यानं सुरा वर उचलून धरला, तेव्हा आप्पासाहेब स्वतः उठले, न्हाव्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि सुरा मनगटापासून कोपराकडे ओढला, सावकाश, अंगाला उटणं लावावं तसा.

मन्सूर ओरडला तो पहिल्यांदाच. नंतर तो ओरडला नाही. तो हाताकडे बघतच नव्हता. तो भिंतीशी बसलेल्या माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्याला उमजलं आहे.

आप्पासाहेबांनी हात धुतले, गावठी सुरा कमरेला लावला, आणि दोघा भावांना विडे द्यायला सांगितले. मन्सूरचा सुरा त्याच्या अंगावर टाकून म्हणाले, "हा घेऊन जा. भाजी चिरायला होईल."

घरी आल्यावर भाईजानांनी त्या पात्याला कानस लावून पाहिली. पात्यावर सगळीकडे कानस घसरत होती, चावत नव्हती. पोटाशी आली आणि लोण्यात जावी तशी आत गेली. भाईजानांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले की असं पोलाद आणि अशी धार त्यांनी जन्मात पाहिली नाही. पोकळ धार त्यांना पटत नव्हती, तरीही हाच सुरा जिंकला असता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू समोर होतीस."

"होते," मी म्हणाले.

महिन्याभरात ते पथकाबरोबर गेले. वाड्यामागच्या घरात एकटे राहिले. ईदेलाही आमच्याकडे आले नाहीत. कुणी शिरखुर्मा नेऊन दिला तर विचारत, कुणी केलाय, आणि परत पाठवत.

मन्सूर दीड महिना तापात होता. जखम भरली, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं मिटेनात. ताप उतरल्यावर कमरजहांचा बाप भेटायला आला. मी खजूर ठेवले. तो कागदाच्या लगद्याबद्दल, चिंध्या महाग झाल्याबद्दल बोलत राहिला, आणि बोलता बोलता एक खजूर मन्सूरच्या उजव्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "घ्या ना." मन्सूरनं बोटं मिटायचा प्रयत्न केला. कपाळाला घाम आला. खजूर हातावरून घरंगळून चटईवर पडला. बापानं तो उचलला, पुसला, स्वतः खाल्ला, आणि तब्येत सांभाळा म्हणून निघून गेला. त्या उन्हाळ्यात कमरजहांचं लग्न साताऱ्याकडच्या एका अत्तरवाल्याशी झालं.

बाप गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. मन्सूर म्हणाला, "निळा झाला होता. तू पाहिलंस."

"पाहिलं."

"किती वेळ?"

"जाईपर्यंत."

मला वाटलं तो ओरडेल, आळी गोळा करेल, काझीकडे जाईल. त्यानं फक्त दाराकडे पाहिलं आणि मग चुलीकडे. भाईजान गेले होते. मला जायला निदान मामाचं घर होतं. त्याच्याकडे तर मामाही नव्हता. पुण्यात एका हाताच्या शिकलगाराला कोण ठेवणार? आळीतल्या एका पोरीला वादीला बसवून मी साणेवर विळे, अडकित्ते, सुऱ्या घासायला लागले होते, गिऱ्हाईक येत होतं, आणि दोन वेळची भाकरी त्यावर होत होती. हे सगळं त्यानं मनात मोजलेलं मला दिसलं.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, त्या दिवशी नाही, आणि नंतरच्या सव्वीस वर्षांतही नाही. आळीतल्या बाया म्हणायच्या, सलीमानं नवऱ्याला कसं सांभाळलं, दुसरी असती तर निघून गेली असती.

तापात होता तोवर मी त्याला भाकरीचे तुकडे करून देत होते. त्या संध्याकाळी मी अख्खी भाकरी ताटात ठेवली आणि समोर बसून राहिले. त्यानं डाव्या हातानं मोडायला घेतली, ताट सरकलं. त्यानं उजव्या कोपरानं ताट दाबून धरलं, भाकरी तोंडाशी नेली आणि दातांनी तोडली. मी त्याला आमटी वाढली.